उंदरांचं औषध

अनंताने दिलेलं फ्रेंच कादंबरीचं भाषांतर पद्मजाने गाद्यांच्या घडीत दडवलं होतं. मुलुंडच्या दोन खोल्यांत दुसरी जागा होतीच कुठे? पहिल्याच पानावर त्याच्या अक्षरात ‘माझ्या पद्माला’. आणि शेवटी, नवऱ्याला फसवणारी ती बाई विष पिऊन मरते. रविवारी पद्मजा बाजारातून परतली, तर पुस्तक नवऱ्याच्या आरामखुर्चीत उपडं पडलेलं, अगदी शेवटाशी उघडलेलं. आता हे घराबाहेर काढतात की गळाच दाबतात?

नवरा आत मोरीशी उभा होता. फडताळातली उंदरांच्या औषधाची पुडी मोरीच्या भोकात रिकामी करून वर तांब्याने पाणी ओतत होता.

“अहो, उंदीर मातलेत घरात,” ती कशीबशी म्हणाली.

“मातू देत,” तो म्हणाला. त्याचे हात तिच्याहून जास्त कापत होते.