घंटेची थाप

"या खेपेची थाप मी मारते," लेक म्हणाली, आणि ओताऱ्याच्या हातातला चहा बशीत सांडला.

साचा वाळून तयार होता. तांबं आणि कथील भट्टीशेजारी रचून ठेवलं होतं. शाळेच्या नव्या इमारतीसाठी घंटा ओतायची होती, आणि ओताऱ्याच्या घरात आजोबा-पणजोबांपासून एक गोष्ट मानली जायची. ओतण्याआधी गावात एक थाप सोडायची. जितके लोक फसतील, तितका घंटेचा आवाज लांब जातो. आणि थाप चुकून खरी ठरली, तर घंटा तडकते.

मागची तडकली होती. बँकेचा मॅनेजर राजीनामा देणार, असं ओताऱ्यानं उठवलं, आणि त्या बाबानं खरंच दिला. घंटा पहिल्याच ठोक्याला फुटक्या भांड्यासारखी कण्हली. तेव्हापासून कुणी नवीन काम देत नव्हतं. हे शाळेचं काम हेडमास्तरीणबाईंनी हट्टानं दिलेलं. हीही फुटली, तर कारखान्याला कुलूपच.

"थाप घरच्या पुरुषानं मारायची असते," ओतारी म्हणाला.

"म्हणूनच तुमच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. तुम्ही साच्याची माती कालवायला घेतली, की नुसतं 'ऊन पडलंय' म्हणालात तरी लोक खिडकीतून हात बाहेर काढून बघतात."

हे मात्र खरं होतं.

"मग काय सांगणार तू?"

"घड्याळजींशी माझं लग्न ठरलंय म्हणून."

ओताऱ्यानं बशी खाली ठेवली. घड्याळजी म्हणजे कोपऱ्यावरचा घड्याळ दुरुस्तीवाला. साधा, अबोल माणूस. ओताऱ्याच्या भिंतीवरचं घड्याळ सारखं बिघडायचं, आणि तो बिचारा न कुरकुरता यायचा.

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं. त्यांची हरकत नाही."

"अगं, पण त्यांना खोटं बोलता येतं का?"

"मुळीच नाही. म्हणून तर लोकांना पटेल."

"आणि नंतर? घंटा वाजली की चारचौघांत कबूल करावं लागतं, थाप होती म्हणून. लोक हसतील तुला."

"या वयात हसतील नाहीतर काय, रडतील?" ती कप उचलून आत गेली.

लाँड्रीवाल्या मावशींना तिनं तेवढंच सांगितलं, आणि वर 'कुणाला बोलू नका' म्हणाली. दुपारपर्यंत न्हाव्यानं ओताऱ्याला रस्त्यात मिठी मारली.

"काका, सुटलात! आमची ही किती दिवस म्हणतेय, त्या घड्याळाला असा काय रोग झालाय म्हणून!"

ओतारी कसनुसा हसला. थाप जमली होती. त्यानं भट्टी पेटवली, मूस लाल झाली, आणि रस साच्यात उतरला तो एकाच धारेत, कुठे न अडखळता.

पुढचे दिवस मात्र अवघड गेले. साचा निवत होता आणि लोक ओताऱ्याला गाठून गाठून अभिनंदन करत होते. दूधवाल्यानं हातात हात घेतला. लाँड्रीवाल्या मावशी चक्क रडल्या, म्हणाल्या, "हिची आई असायला हवी होती हो." ओतारी सगळ्यांना मान डोलावायचा आणि घाईनं घरी यायचा. लेक स्वयंपाक करताना गुणगुणत होती. थाप चांगली वठवतेय, असं त्याला वाटलं. बायको गेल्यापासून ती गुणगुणलेली त्याला आठवत नव्हती.

साच्याची माती फोडताना त्याच्या मनात येऊन गेलं, हे खरं असतं तर!

त्यानं जीभ चावली. हातोडी खाली ठेवली. मातीतून डोकावणाऱ्या घंटेवर पंजा ठेवून तिला दटावलं, "तू काही ऐकलं नाहीस हं."

पण मनाला कोण दटावणार? घंटा घासताना, तिच्या आत लोलक बसवताना, बैलगाडीएवढ्या हातगाडीवर चढवताना तेच ते येत राहिलं. एका पारड्यात कारखाना, दुसऱ्यात लेकीचं गुणगुणणं. आणि बाप म्हणून तो मागणं मागत होता कशाचं, तर थाप थापच राहू दे याचं. स्वतःचीच लाज वाटली त्याला.

शाळेच्या पटांगणात गाव जमलं. हेडमास्तरीणबाईंनी दोरी ओताऱ्याच्या हातात दिली. त्यानं डोळे मिटले आणि ओढली.

आवाज उठला तो उठतच गेला. गोल, भरलेला, कुठे चरा नाही. छपरावरची कबुतरं उडाली. ठोका विरला असं वाटेपर्यंत त्याचा गुंजारव पायाखाली चालूच होता. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. न्हावी म्हणाला, "काका, ही बाजारापर्यंत जाणार!"

ओताऱ्यानं बाहीनं डोळे पुसले. कारखाना वाचला होता. आता शेवटचं काम. ते टाळलं तर दोष घरावर राहतो, असं आजोबा सांगायचे.

तो पायरीवर चढला. समोरच लेक उभी होती, शेजारी घड्याळजी, इस्त्रीच्या शर्टात. ती हसऱ्या चेहऱ्यानं बघत होती, आणि आता आपल्याला तिचं हसं करायचंय, या विचारानं त्यानं नजर घंटेकडे वळवली.

"मंडळी," तो म्हणाला, "आमच्या घरची रीत तुम्हाला माहीतच आहे. घंटा ओतण्याआधी आम्ही एक थाप मारतो. या खेपेला जी मारली, ती म्हणजे..."

लेक झटकन पायरी चढून आली आणि तिनं त्याचा दंड धरला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आवाज इतका छान आलाय. थाप मारली होती ती फक्त तुम्हाला. आता कशाला खोटं बोलताय?"