ढब्बूला हाक

छपाईची यंत्रं विकायला परगावी गेलेल्या माणसाचा परतीचा प्रवास काही धड होईना. धुक्यानं विमान रद्द झालं, सामान भलत्याच गावी गेलं आणि घराकडे निघालेली बस घाटात बंद पडली. तिथेच बायकोचा फोन आला. “अहो, डॉक्टर आलेत. ढब्बूला आता इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं म्हणतात.” ढब्बू म्हणजे त्यांचा म्हातारा कुत्रा, पिल्लू असताना यानंच कोटाच्या खिशातून घरी आणलेला. “मी येईपर्यंत थांबा ना!” तो काकुळतीला आला. “किती थांबायचं हो? सारखा विव्हळतोय.” त्यानं डोळे पुसले. “फोन त्याच्या कानाशी धर.” आजूबाजूचे प्रवासी बघत होते, तरी रोज जिना चढताना ओरडायचा तसाच तो ओरडला, “ढब्बू, आलो रे!” पलीकडून बायकोचा हुंदका ऐकू आला. “शेपूट हलवलं हो त्यानं. दाराकडे बघतोय.”