खांबाची पलीकडची बाजू

एक मेच्या भर दुपारी हास्लबाखच्या हिरवळीवर निळा-पांढरा उत्सवाचा खांब आडवा पडला होता. पंचवीस मीटरचा हा खांब हातांनीच उभा करायचा, हा गावाचा पिढ्यान् पिढ्यांचा हट्ट. पण यंदा गडी उरले होते दहाच, आणि खांब रेटायलाच ते सगळे लागणार होते. पलीकडून तोल सावरायला कुणीच नव्हतं.

“आजी, आमची क्रेन आणू का?” शेजारच्या गावचा लुइटपोल्ड बिअरचा मग हलवत म्हणाला.

“तुझी क्रेन घाल चुलीत!” क्रेसेन्स आजी गरजली. नवरा वारल्यापासून हुकूम तीच द्यायची. “उचला रे!”

दोन-दोन वासे बांधलेल्या कैच्यांवर खांब इंचाइंचानं चढला. उभा होता होता तो पलीकडं कलला, थेट चर्चच्या छपराकडं.

खांब मधेच थांबला. मग कुणी रेटावा तसा हळूच सरळ झाला आणि खड्ड्यात घट्ट बसला. बँड वाजू लागला, टोप्या उडाल्या.

“कैच्या खाली!”

दहा गड्यांनी पाच कैच्या खाली टाकल्या. त्यानंतर मोकळ्या बाजूनंही लाकडं आपटल्याचे आवाज आले. आजीनं सात मोजले. तिथं नुसतं गवत होतं. बँड बंद पडला.

आजीनं ताठ मानेनं लुइटपोल्डकडं पाहिलं.

“जा, सांग तुझ्या गावात. आमच्याकडं माणसांचा तोटा नाही!”

मोकळ्या बाजूला पुरुषांचा एकच हशा पिकला.