तीन मिनिटं

ऑफिसच्या पँट्रीत एकच मायक्रोवेव्ह. दुपारी त्याच्यापुढे रांग लागायची आणि हिशेब विभागातले साहेब नेमके माझ्या पुढे असायचे. डबा आत ठेवून तीन मिनिटं लावायचे आणि तेवढ्या वेळात मला पोट धरून हसायला लावायचे.

"अहो, तीन मिनिटांत दगडसुद्धा शिजेल," मी म्हणायचे.

"एकट्याचा डबा लवकर गरम होत नाही हो."

माझाही एकटीचाच होता, पण मिनिटभरात व्हायचा.

शुक्रवारी मात्र डबा आत ठेवून ते म्हणाले, "सोमवारपासून वरच्या मजल्यावर बसायचंय. तिथे वेगळा मायक्रोवेव्ह आहे म्हणे."

माझा चेहरा पडला. तो दिसू नये म्हणून मीच पुढे होऊन त्यांचा डबा बाहेर काढला, तर झाकण निसटलं. आत काकडीच्या चकत्या होत्या. वाफाळलेल्या, माना टाकलेल्या.

"काकडी? रोज?"

पन्नाशीचा माणूस कानापर्यंत लाल झाला. "रांगेत उभं राहायला हातात काहीतरी नको का?"

मी एक चकती तोंडात टाकली. भयंकर होती. मग दुसरीही खाल्ली.

"खुशाल जा वर," मी म्हटलं. "पण काकडी गरम करायला खालीच यायचं."