चेंडूचा ठसा

“आऊट!”

अकरा वर्षं झाली, तरी तो आवाज गुणाजीच्या कानातून निघत नव्हता. एकच शब्द, आणि मागच्या रेघेवर लाइनमन म्हणून उभ्या दादूचा बाजूला ताठ ताणलेला हात. कारखान्यांच्या टेनिसची फायनल गुणाजी तिथंच हरला होता. तो भांडायला नेटपलीकडं त्या रेघेवर धावला. पंच खुर्चीवरून उतरून बघायला आला, तेव्हा मातीत चेंडूचा ठसाच नव्हता. निकाल दादूचा राहिला. संशयही दादूलाच चिकटला.

आज शनिवारी सकाळी तोच दादू समोर बसून फाटकं नेट सांधत होता.

मुलुंडच्या कारखान्यामागचं शेणामातीचं कोर्ट पावसाळाभर बंद. पत्र्याच्या शेडमध्ये नेट सांधायचं, रॅकेटी ओवायच्या आणि विम्बल्डनवर भांडायचं, एवढंच काम. गुणाजी मार्कर, साहेबांना खेळवणारा. दादू कोर्ट सारवणारा, चुन्याच्या रेघा आखणारा. शिवदास माळी. पेपर त्याचा, म्हणून आवाजही त्याचाच मोठा.

“वाट लागली! बेकर गेला. दुसऱ्याच राउंडला!”

रॅकेटची तार ओढता ओढता गुणाजीचा हात थांबला. “काय बोलतोस?”

“छापलंय ना. कुणी डूहन म्हणून आहे, ऑस्ट्रेलियाचा. चार सेटमध्ये खल्लास.”

भिंतीवर बेकरचा फोटो होता, गवतावर आडवा झेपावलेला. गुणाजीनं त्याला उदबत्ती ओवाळायचीच काय ती बाकी ठेवली होती.

“म्हणजे आता लेंडल,” शिवदास म्हणाला.

“गवतावर लेंडल?” दादूनं गाठ दातांनी आवळली आणि हसला. “त्यापरास त्यो कॅश बघ. जत्रंतल्या पैलवानासारखा अंगावर येतो.”

“लाइनवाल्यानं खाल्ला असणार बेकरला,” गुणाजी म्हणाला.

शिवदासनं पेपर पुन्हा डोळ्यांजवळ धरला. “तसं काय लिहिलं नाय बा.”

“खाणारा काय लिहून खातो?”

पत्र्यावर पाणी वाजत राहिलं. दादूनं नेट मांडीवरून खाली ठेवलं.

“हरला त्यो, गुणाजी. माणूस हरतो.” मग जरा थांबून, हलक्या आवाजात, “दिवाळीनंतरच्या मॅचेसची यादी आज साहेबाकडं जाणार ना? लाइनीला माझं नाव टाक. मार्चात रिटायर होतोय. एकदा उभा राहू दे.”

अकरा वर्षांत त्याला कुणी लाइनीवर उभं केलं नव्हतं. रेघा त्यानं आखायच्या, वर दुसऱ्यानं उभं राहायचं. कँटीनमध्ये तो ताट घेऊन आला की कुणीतरी हात आडवा करून ओरडायचं, “आऊट!” आणि अख्खं टेबल हसायचं. दादू खाली मान घालून जेवायचा.

गुणाजीनं कानावरची पेन्सिल काढली. यादी पुढ्यात घेतली.

“लिहितो. आत्ता लिहितो. फक्त शिवदाससमोर बोल, बॉल आत होता.”

दादूनं पेन्सिलीकडं पाहिलं.

“आऊट व्हता,” तो म्हणाला.

रॅकेटची कड त्याच्या तोंडावर बसली. लाकडाचा आणि दाताचा आवाज एकदमच आला. दादू मागं कलंडला, त्याच्या पाठीनं चुन्याचं पोतं आडवं झालं आणि शेडभर पांढरं पसरलं. दुसरा फटका कानावर. तिसरा खांद्यावर, आणि त्या फटक्याला रॅकेटची मान मोडली.

“अरे सोड! मरेल तो!” शिवदास मधे पडला. गुणाजीचं कोपर त्याच्या छातीत बसलं आणि तो भिंतीपाशी धापा टाकत बसला.

अर्धी ओवलेली तार मोडक्या रॅकेटीतून सुटून आली होती. आतड्याची तार, बारीक आणि चिवट. गुणाजीनं दादूच्या पाठीत गुडघा रोवला, तार त्याच्या गळ्याभोवती घेतली आणि रॅकेट ओवताना ओढतो तशीच, हाताला वेढा देऊन, ओढली.

“बोल मेल्या! आत होता! बोल!”

तार गळ्याच्या कातडीत रुतली. गुणाजीच्या तळहातातही रुतली. दादूच्या टाचा चुना उधळत होत्या. डोळे तांबडे झाले, घशातून फुटक्या भात्यासारखा आवाज यायला लागला. गुणाजीनं तार किंचित सैल केली, शब्द बाहेर पडण्यापुरती.

शब्द आला नाही.

दादूचा उजवा हात जमिनीवरून उठला. आधी थरथरला. मग कोपर सरळ झालं, मनगट सरळ झालं, बोटं जुळली. हात बाजूला ताठ ताणला गेला, खांद्याच्या रेषेत, आखून दिल्यासारखा. तसाच राहिला.

कँटीनमधली पोरं करायची तसा नव्हता तो. अकरा वर्षांपूर्वीचा होता.

गुणाजीच्या हातातली तार गळून पडली.

दादू दोन्ही हात टेकून ओणवा झाला. खोकला, थुंकला. त्याच्या ओठांतून रक्त टपकलं. खालच्या पांढऱ्या चुन्यावर गोल डाग उठला. त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा.

गुणाजीचा पाय पुढं झाला आणि चवड्यानं पहिला डाग पुसायला लागला. सवयीचं असावं तसा, चटकन, अर्धगोल फिरवून. दुसऱ्या डागावर आला आणि तिथंच अधांतरी थांबला. गुणाजी स्वतःच्या पायाकडं पाहत राहिला. दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

“बोटभर बाहेर होता, शिवदास,” तो म्हणाला. “मातीत ठसा उठला होता. पंच उतरायच्या आत मीच पुसला.”