सातवं कलम

जयवंतीने संगणकाच्या पडद्यावर कराराच्या सातव्या कलमावर काळी पट्टी ओढली आणि बटण दाबलं. कलम गेलं. खालचं आठवं आपोआप वर सरकून सातवं झालं. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

तिच्या पिशवीत तोच करार स्टॅम्पपेपरवर होता. त्यातलं सातवं कलम जागचं हललं नव्हतं. शेवटच्या पानावर तिच्या बापाचा, देवजीचा, अंगठा होता.

"पुसलंस का गं?" देवजीने बाहेरच्या बाकावरून विचारलं.

"पुसलं, बा. पण इथलंच."

"मग झालं तर. त्या मशीनचंच लिवलेलं ना ते?"

दुकानाचे मालक शरीफभाई काउंटरमागून हळूच म्हणाले, "देवजीभाऊ, एकदा छापलं की मशीनच्या हातात काही राहत नाही."

तेव्हा जव्हारात संगणक बोटांवर मोजण्याइतकेच होते. शरीफभाईंनी टायपिंगच्या मशीनांशेजारी एक आणला होता आणि नव्या नवरीसारखा झाकून ठेवत. जयवंती आपल्या गावाहून, पोशेऱ्याहून, जीपने येऊन त्यावर शिकली. त्यांच्याकडे करारांची एक सीडी होती. प्रकार निवडायचा, विचारेल ते रकाने भरायचे, करार तयार. वकिलाची पायरी चढायला नको.

देवजी मुखवटे करायचा. कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ आणि वर रंग. मागच्या दिवाळीत ठाण्याचे दुकानदार तुळशीदासशेठ ते बघून हरखले. दर महिन्याला वीस पाहिजेत म्हणाले. कागदाचा विषय त्यांनी काढलाच नव्हता.

"आपल्यात कशाला कागद? देवजींचा शब्द पुरे."

"नाही शेठ," जयवंती म्हणाली होती, "आमच्या माणसांना आजवर शब्दावरच फसवलंय. लेखी पाहिजे. मी स्वतः करते."

संगणकाने मालाचं नाव विचारलं. तिने 'मुखवटा' लिहिलं. हमीचा रकाना तिला सोडून द्यायचा होता, पण तांबडी अक्षरं उमटली, रिकामा रकाना चालणार नाही. तिने राहतं घर लिहिलं. पाच पानं सरसर बाहेर आली. शरीफभाईंनी चहा मागवला.

घरी तिने पाचही पानं मोठ्याने वाचून दाखवली. देवजीने मांडी घालून, पोथी ऐकावी तशी ऐकली. शेवटी एवढंच विचारलं, "यात बोहाडा कुठं हाय?"

ती हसली होती. "बा, धंद्याचा कागद आहे हा. त्यात बोहाडा कशाला येईल?"

देवजीने मग अंगठा दिला.

बोहाडा म्हणजे गावचा उत्सव. देवजीच्या माळ्यावर त्याच्या आजाने केलेले बावन्न मुखवटे होते. ते कधी कोणी विकले नाहीत की विकत घेतले नाहीत. ज्या घराला ज्या देवाचा मान, त्या घरचा माणूस बोहाड्याआधी नारळ घेऊन यायचा, आपला मुखवटा न्यायचा, तोंडावर चढवून नाचायचा आणि परत आणून द्यायचा. देवजीचं घर फक्त सांभाळणारं.

सातव्या कलमात लिहिलं होतं, 'उत्पादकाने बनवलेला, अथवा त्याच्या किंवा त्याच्या कोणाही माणसाच्या ताब्यातला मुखवटा पाच वर्षे इतर कोणालाही विकला, दिला वा वापरू दिला जाणार नाही.' मुखवट्याच्या जागी साबणाच्या वड्या असत्या तर काही बिघडलं नसतं.

गेल्या आठवड्यात शेठचं पत्र आलं. आमचं मोठं गिऱ्हाईक यंदा बोहाडा बघायला येणार आहे. गावात कोणाच्या तोंडावर मुखवटा दिसला तर करार मोडला असं धरलं जाईल. मग हमी जप्त.

बोहाडा चार दिवसांवर आला होता. त्या सकाळीच माघ्या नारळ घेऊन अंगणात उभा राहिला. साठीचा माणूस. रावणाचा मान त्याच्या घराकडे.

"उद्या ये," देवजी म्हणाला.

"उद्या का? रावण पाहुणा गेलाय का खोडाळ्याला?" माघ्या हसला. देवजी हसला नाही. माघ्या नारळ उंबऱ्यावर ठेवून निघून गेला. नारळ उचलून आत घ्यायचा की नाही, हे देवजीला ठरवता येईना. तो तिथेच ठेवून, त्याला ओलांडून बापलेक जीपला आले होते.

जयवंती उठली. शरीफभाईंच्या दुकानातच टेलिफोनची काचेची खोली होती. तिने दार ओढून ठाण्याचा नंबर फिरवला. देवजी काचेला हात लावून बाहेर उभा राहिला.

"शेठ, एकच कलम काढायचंय. मी दुसरा कागद करून आणते, तुम्ही सही करा. बोहाड्यापुरतं तरी सोडा आम्हाला."

"ताई, माझ्या हातात असतं तर आत्ता सोडलं असतं. पण मी मुंबईच्या हॉटेलला लिहून दिलंय. मुखवटे त्यांच्याखेरीज कोणाकडेच दिसणार नाहीत म्हणून. तुमच्याकडचेसुद्धा."

"असं कसं लिहून दिलंत?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"तो कागद कोणी केला, शेठ? कोण वकील आहे? त्याचा नंबर द्या. मी त्याच्या पाया पडते."

काचेपलीकडे देवजीने मान हलवून विचारलं, जमलं का? तिने बोटाने थांब म्हटलं.

"ताई," शेठ म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "कागद तुमचाच आहे. इतका चोख वाटला मला, की नावं तेवढी बदलली. हमीच्या रकान्यात माझं दुकान आहे."