सरोवरकाकांची दुसरी यात्रा

वजनकाट्यावर उभं राहताना सरोवरकाकांनी पोट सैल सोडलं. एरवी माणसं आत ओढतात. काकांनी अंगात एकावर एक स्वेटर चढवले होते आणि कोटाच्या खिशांत कात्र्यांना धार लावायचे झाडून सारे दगड भरले होते. वजन जास्त भरलं तर हेलिकॉप्टरवाले माणसाला खालीच ठेवतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. काट्यावरच्या बाईंनी आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "बसा आजोबा. तुमच्यासारखा अजून एक बसेल."

काकू आधीच आत बसल्या होत्या. त्यांना आनंदानं उडायला तशी हेलिकॉप्टरची गरज नव्हती.

काकांचं केस कापायचं दुकान. तरुणपणी ते घरातून पळाले होते आणि पवित्र सरोवराच्या डोंगराच्या पायथ्याशी एका खानावळीत भांडी घासत राहिले होते. परत आले तेव्हा वडिलांनी दारातच चप्पल उचलली. "पायी सरोवराला जाऊन आलो," काका म्हणाले. चप्पल खाली आली आणि वडील पाया पडले. पुढे याच पुण्याईवर सासऱ्यांनी मुलगी दिली. दुकान निघाल्यावर गोष्ट केसांसारखी वाढत गेली. ही मात्र काकांनी कधी कापली नाही. आधी नुसतं पाणी होतं. मग काठावर घंटेसारखा वाजणारा दगड आला, मग एका पायावर उभा असलेला साधू, मग हंसांची जोडी. गळ्याला वस्तरा लागलेला असताना शंका कोण काढणार? काही गिऱ्हाइकं तर ऐकून खरंच सरोवराला निघाली. परत येऊन सांगायची, "दगड वाजतो बरं का काका!" काका मनात म्हणायचे, हाही पायथ्याशी भांडी घासून आला वाटतं.

आणि आता जावयानं हौसेनं ही तिकिटं काढली होती. "बाबा, पहिल्यांदा पायी गेलात, आता उडत जा."

हेलिकॉप्टर दरीवर आलं तसा काकूंचा आवाजही वर चढला. "हे पायी आले होते हो! तेव्हा धड रस्तासुद्धा नव्हता." शेजारचे गृहस्थ ते ऐकून काकांच्या पाया पडायला वाकले. हेलिकॉप्टर कलंडलं. "कुणी हलायचं नाही!" पायलट ओरडला.

काकूंनी काकांचा हात धरला. "खरं सांगू? आयुष्यात दुसरं काही मिरवण्यासारखं झालं नाही आपलं. या एका गोष्टीवर मी मान वर करून चालत आले."

काका खिडकीतून खाली बघत राहिले. खाली पडायला भरपूर जागा होती.

वर उतरल्यावर पायलटनं बजावलं, "पंखा चालूच राहील. दर्शन घ्या आणि लगेच या." सरोवर टेकाडाच्या पलीकडे होतं. काकू बाजूला सरकल्या. "व्हा पुढे. वाट तुमच्या पायाखालची आहे." सुदैवानं वाट एकच होती. हवा इतकी विरळ की श्वास पुरेना, तिथे थाप कुठून पुरणार? टेकाडाच्या माथ्याशी काका थांबले. आता काकू स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होत्या. त्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं.

"अगं, ऐक जरा. मी इथे कधीही—"

टण्ण!

काका दचकून मागे सरले, ते काकूंच्या पायावरच. खाली करडं पाणी पसरलं होतं. काठावर एक काळा दगड होता आणि म्हातारा पुजारी त्याच्यावर काठी मारत होता. दगडाशेजारी एक साधू एका पायावर उभा होता. तो पाय जरासा लटपटत होता.

"अगदी तस्सं आहे हो!" काकू रडतच उतारावरून धावल्या आणि त्यांनी दगडावर कपाळ टेकलं. मग डोळे पुसून त्यांनी चहूकडे पाहिलं. "हंस कुठे आहेत?"

"आत्ताच उडाले, माई," पुजारी म्हणाला. "हेलिकॉप्टरला बिचकतात."

"बघा! तुम्ही काट्यावर रेंगाळलात म्हणून!" काकू काकांवर खेकसल्या आणि पाण्याकडे गेल्या.

काका होते तिथेच बसले. पुजाऱ्यानं टेकाडावर येऊन त्यांच्या हातात कोमट पाण्याचा पेला दिला आणि शेजारी टेकला.

"इथे जो येतो तो आधी विचारतो, दगड कुठे आहे," तो हळूच म्हणाला. "दगड बघून दचकलेले तुम्ही पहिलेच."

काकांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला.

"पूर्वी मी खरं सांगायचो. म्हणायचो, बाबांनो, इथे नुसतं पाणी आहे. एवढा डोंगर चढून आलेली माणसं रडकुंडीला यायची. शेवटी दगडाच्या पोटात पितळ बसवून घेतलं. तो उभा आहे तो माझा भाचा. गुडघे गेलेत त्याचे, पण हेलिकॉप्टरचा आवाज आला की बिचारा पाय उचलतो. हंसांचं तेवढं जमलं नाही. थंडीनं मरतात."

काठावर काकू ओंजळीत पाणी घेऊन उभ्या होत्या. लग्नातही त्यांचा चेहरा इतका उजळलेला काकांनी पाहिला नव्हता. काकांनी पेला खाली ठेवला आणि हात जोडले.

"महाराज, माझ्या हातून मोठं पाप झालं."

"पापाचं नंतर बघू," पुजारी जवळ सरकला. "पुढच्या वर्षी गोष्टीत काय काय घालणार आहात, ते आत्ताच सांगून ठेवा. बर्फ पडायच्या आत सामान वर आणावं लागतं."